जनसुनावणीची तारीख लागते कशी, आणि हातातले तीस दिवस

‘पर्यावरणविषयक जनसुनावणी’ अशा मथळ्याची जाहिरात पेपरात आली, की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: “जायला कागद कोणता लागते?” उत्तर सोपं आहे. कोणताच नाही. सातबारा नसला, मजुरी करत असलात, सासर दुसऱ्या गावचं असलं, तरी चालतं. हजर असलेल्या प्रत्येकाला प्रकल्पाबद्दल विचारायची आणि खुलासा मागायची संधी द्यायची, असं १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेतच लिहिलं आहे. दाराशी नाव-गाव लिहून सही करायची, एवढंच. ही सही हजेरीची असते, संमतीची नाही. तरीही सही करण्याआधी कागदाच्या माथ्यावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. कोरा माथा असेल तर आधी ‘उपस्थिती’ असं लिहायला लावा.

कागदाचं काम असतं ते सुनावणीच्या आधी आणि नंतर. तिथेच गावं मागे पडतात.

आधी ओळखा, ही सुनावणी कोणती

आपल्या विदर्भात तीन वेगवेगळ्या गोष्टींना लोक सरसकट ‘सुनावणी’ म्हणतात. पर्यावरण मंजुरीपूर्वीची जनसुनावणी ही एक. ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं. दुसरी भूसंपादनाची: २०१३ च्या कायद्यात सामाजिक परिणाम अभ्यासाची वेगळी जनसुनावणी आहे, आणि प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस आहेत. कोळशाच्या जमिनी मात्र बहुधा १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली घेतल्या जातात. तिथे हरकतीला ३० दिवसच मिळतात, त्यामुळे वणी, राजुरा, उमरेड पट्ट्यातल्या शेतकऱ्याने ६० दिवसांच्या भरवशावर राहू नये. तिसरी ग्रामसभा. गडचिरोली, मेळघाट आणि चंद्रपूर-यवतमाळच्या काही भागांत पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) लागू आहे, आणि वनजमीन वळवायची असेल तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेचा प्रश्न येतो.

या तिन्हींत एकीचं काम दुसरीने होत नाही. जनसुनावणीला हजार माणूस आला आणि सगळ्यांनी ‘नको’ म्हटलं, तरी ते मतदान धरलं जात नाही. उलट बाजूही तेवढीच खरी: जनसुनावणी पार पडली म्हणजे ग्रामसभेची संमती मिळाली, असं कंपनीला म्हणता येत नाही. पुढचं सगळं पहिल्या प्रकाराबद्दल आहे.

सुनावणी कोणत्या प्रकल्पाला

अधिसूचनेत प्रकल्पांचे अ आणि ब असे गट आहेत, आणि ‘ब’चे पुन्हा ब-१, ब-२ (ब-२ ला ईआयए अहवालच लागत नाही). सुनावणी अ आणि ब-१ ला लागते. मोठ्या कोळसा खाणी, वॉशरी (कोळसा धुण्याचे कारखाने), औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, स्पंज आयर्न हे आपल्याकडचे नेहमीचे. ब-२, इमारत बांधकाम, नवी जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण, सिंचन प्रकल्पाचं आधुनिकीकरण, संरक्षण खात्याचे प्रकल्प आणि पर्यावरण मंजुरी मिळालेल्या औद्योगिक वसाहतीतले कारखाने यांना सूट आहे. चालू खाणीच्या विस्तारालाही कधी कधी सूट मिळते. म्हणून ‘विस्तार’ हा शब्द दिसला तर सुनावणी होणार की नाही हे आधी लेखी विचारा.

फाईल मुंबईला जाते की दिल्लीला, हेही बघून ठेवा. ‘ब’ गटातलाही प्रकल्प अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा राज्याची सीमा यांपासून ५ किलोमीटरच्या आत असेल, तर साधारणपणे तो केंद्राकडे जातो. ताडोबा, चंद्रपूरचं प्रदूषण आणि पलीकडे तेलंगणा, छत्तीसगड असं सगळं एका पट्ट्यात असल्यामुळे आपल्याकडे हे वारंवार लागू पडतं.

तारीख कोण ठरवतं

कंपनी मसुदा ईआयए अहवाल तयार करते आणि मंडळाच्या सदस्य सचिवांना पत्र देऊन सुनावणी घ्यायची विनंती करते. सोबत अहवालाच्या किमान दहा छापील आणि तेवढ्याच डिजिटल प्रती, शिवाय इंग्रजी आणि मराठी कार्यकारी सारांश. हेच संच जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र, संबंधित पंचायत आणि केंद्रीय मंत्रालयाचं प्रादेशिक कार्यालय इथेही पोचवायचे असतात.

अहवाल मिळाल्यापासून सात दिवसांत सदस्य सचिवांनी तारीख, वेळ आणि ठिकाण पक्कं करायचं. मग एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात जाहिरात. जाहिरात आणि सुनावणी यांत किमान ३० दिवस हवेत. विनंतीपत्र मिळाल्यापासून सगळं ४५ दिवसांत आटोपायचं असतं. सात अधिक तीस म्हणजे सदतीस, उरले आठ. कार्यालयाकडे तारीख हलवायला जागाच नसते, ती यामुळे.

नियमही तसाच आहे. एकदा जाहीर झालेली तारीख, वेळ, ठिकाण बदलता येत नाही. अनपेक्षित आणीबाणी उद्भवली आणि जिल्हाधिकाऱ्यांनी शिफारस केली, तरच पुढे ढकलतात, आणि मग त्याच दैनिकांत पुन्हा जाहिरात द्यावी लागते. “कापूस वेचणीला माणूस मिळत नाही” हे आपल्यासाठी कितीही खरं असलं तरी नियमाच्या लेखी ते आणीबाणीत बसत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तारखेबद्दल जे बोलायचं ते तारीख लागण्याआधी बोला. आधी कळतं कसं? शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र बसलं, कुणी विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं, की समजा अभ्यास सुरू झाला. हा अभ्यास साधारण १० किलोमीटरच्या परिघात आणि बहुधा पावसाळा सोडून एका हंगामात होतो. केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर जिल्हा टाकून शोधलं तर प्रकल्पाचा अर्ज आणि अभ्यासाच्या अटी दिसतात. त्याच वेळी ग्रामपंचायतीने ठराव करून जिल्हाधिकारी आणि मंडळ दोघांनाही पत्र द्यावं: सुनावणी प्रकल्पाच्या गावीच घ्या; पेरणी, सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीचे आठवडे टाळा; बाजाराचा दिवस टाळा; वेळ अशी ठेवा की परतीची एसटी मिळेल. हे पत्र कुणावर बंधनकारक नाही. पण सुनावणीचं अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असल्यामुळे तारीख त्यांना विचारूनच लागते, आणि टेबलावर आधीच पडलेलं पत्र कधी कधी वाचलं जातं. पुढे वाद झाला तर ‘गावाने आधीच सांगितलं होतं’ हा पुरावा राहतो.

ठिकाणाचा मुद्दा किरकोळ समजू नका. सुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या अगदी जवळ, जिल्हावार घ्यायची, असे अधिसूचनेचे शब्द आहेत. सुरजागडची लोहखाण एटापल्ली तालुक्यात. तिच्या उत्पादनवाढीची सुनावणी ऑक्टोबर २०२२ मध्ये झाली ती गडचिरोलीला, जिल्हा मुख्यालयात. तिथल्या गावांतून गडचिरोली गाठायचं म्हणजे काय, ते त्या रस्त्याने गेलेल्याला विचारा. कोराडी औष्णिक वीज केंद्राच्या नव्या ६६० मेगावॉटच्या दोन संचांची सुनावणी २९ मे २०२३ ला झाली. मे अखेरचं नागपूरचं ऊन कसं असतं, हे वाचकांना सांगायची गरज नाही.

जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी आणि रेडिओ-टीव्हीसारख्या इतर मार्गांनी लोकांना कळवायचं, हेही नियमात आहे. दवंडी झालीच नसेल तर सुनावणीच्या दिवशी पहिलं वाक्य तेच बोला आणि नोंदवायला लावा.

तीस दिवसांत करायचं काय

जाहिरातीचं पूर्ण पान तारखेसह जपून ठेवा, नुसतं कात्रण नको. अहवाल कुठे बघायला मिळेल त्या कार्यालयांची नावं जाहिरातीत असतात. पहिल्याच आठवड्यात दोघा-तिघांनी तिथे जाऊन अहवाल मागा. बघायला मिळाला नाही, तर त्याच दिवशी त्याच कार्यालयाच्या आवकमध्ये एक ओळीचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मराठी सारांश मंडळाच्या संकेतस्थळावरही टाकतात.

पण नुसता सारांश वाचून भागत नाही. सारांशात सगळं गोड असतं. खरी गंमत मूळ अहवालातल्या नकाशात आणि तक्त्यांत असते, आणि तिथे इंग्रजी आडवं येतं. गावातली कॉलेजातली पोरं-पोरी इथे कामी लावा. सगळा अहवाल वाचायला सांगू नका. आपल्या गावाचं नाव, नाल्याचं नाव, तलावाचं नाव शोधायला सांगा. अभ्यास पावसाळ्याबाहेरचा असल्यामुळे श्रावणात दुथडी वाहणारा नाला अहवालात ‘कोरडा’ ठरलेला असू शकतो. पूर्व विदर्भातले मामा (माजी मालगुजारी) तलाव आणि बोड्या (छोटी तळी) नकाशावर आहेत का? सुरुंग किती वाजता, किती खोल? ट्रक कोणत्या रस्त्याने, दिवसाला किती? खाणीमुळे विहिरींची पातळी किती उतरेल, असं लिहिलंय?

मग लेखी निवेदन. यावर मी जास्त भर देतो, कारण भाषण हवेत विरतं, माईक बंद पडतो, इतिवृत्तात दहा मिनिटांच्या बोलण्याची दीड ओळ होते. लेखी निवेदन मात्र जोडपत्र म्हणून फाईलसोबत जातं. एका निवेदनात एकच विषय, गावाचं नाव, अहवालाचा पान क्रमांक आणि नेमकी मागणी. शंभर जणांच्या सह्यांचं एक छापील पत्र द्यायचं तर द्या, पण वीस जणांनी आपापल्या वावराबद्दल लिहिलेली वीस पत्रं त्याहून भारी पडतात. ती जाहिरातीत दिलेल्या मंडळाच्या कार्यालयात, मुदतीच्या आत द्या. विदर्भात मंडळाची प्रादेशिक कार्यालयं नागपूर, अमरावती आणि चंद्रपूरला आहेत. आपलं कोणतं, ते जाहिरातीतच बघा.

निवेदनाला कागद जोडणं सक्तीचं नाही. जोडलेत तर वजन येतं. सातबारा आणि आठ-अ तर झालेच, पण आपल्याकडे एक जुनी चीज आहे जी लोक विसरतात: निस्तार पत्रक. गावाला चराई, सरपण, पाणी, पांदण यांवर कोणते हक्क आहेत, ते त्यात लिहिलेलं असतं. सोबत वाजिब-उल-अर्ज, म्हणजे गावच्या वहिवाटीच्या हक्कांची नोंद, तीही बघा. अहवालात जी जागा ‘पडीक सरकारी जमीन’ दाखवली असेल, तीच निस्तार पत्रकात गुरचरण निघाली, तर मुद्दा तिथेच उभा राहतो. तलाठ्याकडे नसेल तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. सामूहिक वनहक्काचा दावा किंवा मान्यतापत्र असेल तर त्याची प्रत. शेजारच्या चालू खाणीचा अनुभव असेल तर कोळशाच्या धुळीने काळ्या पडलेल्या कापसाचे तारखेसह फोटो, कमी भावाची काटापट्टी, भेगा पडलेल्या भिंतीचा पंचनामा.

सुनावणीचा दिवस

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी असतो. प्रतिनिधी अपर जिल्हादंडाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही, तहसीलदाराने भागत नाही. मदतीला मंडळाचा अधिकारी. कोरमची अट नाही, म्हणजे दहा माणसं आली तरी सुनावणी होते आणि ती वैध असते. बहिष्कार टाकायचा विचार करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं: मंडप रिकामा राहिला तर इतिवृत्तात ‘आक्षेप नाही’ यासारखं काहीतरी उमटतं.

सुरुवातीला कंपनीचं सादरीकरण, मग लोक. सगळ्या कामकाजाचं व्हिडिओ चित्रीकरण बंधनकारक आहे. बोलताना आधी नाव आणि गाव सांगा, मग एक प्रश्न, आणि उत्तराची वाट बघा. बाया मागे बसतात, पुढचा माईक पुढाऱ्यांकडे फिरत राहतो. पाण्याचा प्रश्न मात्र त्यांच्याइतका कुणाला ठाऊक नसतो. त्यांची नावं आधीच वर द्या. कंपनीने ‘शाळा बांधू, टँकर देऊ’ म्हटलं तर किती रुपये आणि किती तारखेपर्यंत, ते विचारा. सुनावणीतली आश्वासनं खर्चासह पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात घालावी लागतात, आणि आकडा नसलेलं आश्वासन तिथे बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचा भाग शेवटचा, आणि तेव्हाच मंडप रिकामा झालेला असतो. इतिवृत्ताचा गोषवारा तिथल्या तिथे, लोकांच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी त्यावर सही करायची, असा नियम आहे. चार-पाच पक्की माणसं तोवर बसवून ठेवा. आपला मुद्दा राहिला असेल तर हात वर करून घालायला लावा.

त्यानंतर

मंडळ आठ दिवसांत इतिवृत्त मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे पाठवतं. ते पंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयात लावायचं असतं. लावलं नसेल तर माहिती अधिकारात इतिवृत्त, हजेरीपट आणि व्हिडिओची प्रत मागा. इतिवृत्तात चुका असतील तर थेट प्राधिकरणाला कळवता येतं. कंपनीने प्रत्येक मुद्द्यावर दिलेलं उत्तरही त्यासोबत जोडलेलं असतं. ते आवर्जून वाचा, कारण तज्ज्ञ समितीपुढे कंपनी तेच मांडते.

मंजुरी मिळाली तर कंपनीने सात दिवसांत दोन स्थानिक वृत्तपत्रांत जाहीर करायचं, त्यातलं एक मराठी. मंजुरीची प्रत ग्रामपंचायतीलाही द्यायची, आणि ती ३० दिवस फलकावर ठेवायची. हा फलक बघत राहा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, म्हणजे आपल्यासाठी पुण्याच्या खंडपीठात, अपील करायला ३० दिवस असतात. सबळ कारण असेल तर आणखी ६०, त्यापुढे एक दिवसही नाही. अपील करायचं नसलं तरी अटींची प्रत काढून ठेवा: कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, त्या अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो, आणि तो मागायचा हक्क गावाला आहे.