बहावा फुलतो तो भुंग्यासाठी

एप्रिल लागला की पुण्यातल्या बहुतेक व्हॉट्सॲप समूहांवर बहाव्याच्या पिवळ्या घोसांचे छायाचित्र फिरू लागते, आणि त्याखाली एक ठाम विधान असते : बहावा फुलल्यापासून ४५ दिवसांत पाऊस येतो. आपल्या पूर्वजांना जे कळत होते ते हवामान खात्याला अजून कळलेले नाही, अशी पुस्तीही बहुधा जोडलेली असते. ज्या शहरात, शिवाजीनगरच्या त्या जुन्या दगडी इमारतीत, १९२८ सालापासून हवामान खात्याचे कार्यालय आहे, त्याच शहरात हा संदेश सर्वांत उत्साहाने पुढे पाठवला जावा, याची मौज वाटते.

विधानाची परीक्षा साध्या वजाबाकीने होते. मोसमी पाऊस मुंबईत २०२३ साली २५ जूनला पोचला आणि २०२५ साली २६ मेला. म्हणजे पहिल्या वर्षी बहाव्याने ११ मेपर्यंत कळी आवरून धरायला हवी होती आणि दुसऱ्या वर्षी ११ एप्रिललाच फुलायला हवे होते. झाडांचा बहर असा महिन्याच्या अंतराने उड्या मारत नाही. एप्रिलअखेर पुण्यात पिवळे घोस दिसले नाहीत असे एकही वर्ष मला आठवत नाही. शिवाय एक झाड मार्चअखेर फुलते आणि त्याच रस्त्यावरचे दुसरे मेच्या मध्यावर. मग ४५ दिवस कोणत्या झाडापासून मोजायचे, हे पाऊस येऊन गेल्यावर सोयीने ठरवता येते. झाड प्रतिसाद देते ते वाढत्या दिवसमानाला, उन्हाला आणि स्वतःच्या खोडामुळांतल्या पाण्याला. हिंदी महासागराच्या तापमानाची वार्ता त्याच्या मुळांपर्यंत येण्याचा मार्ग नाही.

मग हा सारा थाट कशासाठी? त्याचे उत्तर एका फुलात आहे आणि ते पावसाच्या भाकितापेक्षा कितीतरी अधिक रंजक आहे. खाली पडलेले ताजे फूल तळहातावर घेऊन पुंकेसर मोजावेत. ते दहा भरतात, पण तीन प्रकारचे असतात : तीन लांब आणि आकड्यासारखे वर वळलेले, चार आखूड आणि सरळ, आणि उरलेले तीन इतके खुरटलेले की ते जवळजवळ निकामीच असतात. लांब पुंकेसरांच्या सोबतीने, तसाच बाक घेतलेला हिरवा स्त्रीकेसर असतो. पुढे त्याचीच शेंग होते. या फुलात मकरंद नसतो. येणाऱ्या कीटकाला देण्यासारखे झाडाकडे परागकणच आहेत, आणि वंश चालवण्यासाठीही तेच लागतात. हा पेच मोठा आहे.

एकाच फुलात दोन तऱ्हेचे पुंकेसर का असावेत, या प्रश्नाने डार्विनलाही आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत गुंतवून ठेवले होते. जर्मनीतला वनस्पतिशास्त्रज्ञ हेर्मान म्युलर आणि ब्राझीलमध्ये स्थायिक झालेला त्याचा भाऊ फ्रिट्झ यांनी त्याचा उलगडा श्रमविभागणीने केला : आखूड पुंकेसर खाऊ घालण्यासाठी आणि लांब पुंकेसर परागण साधण्यासाठी. भुंगा चार आखूड पुंकेसरांना मिठी मारून आपला खाऊ गोळा करत असतो, तेवढ्यात लांब पुंकेसर त्याच्या पाठीवर किंवा कुशीवर, म्हणजे जिथे त्याचे पाय सहज पोचत नाहीत अशा जागी, परागकण टाकतात. पुढच्या फुलाची कुक्षी, म्हणजे स्त्रीकेसराचे टोक, नेमकी त्याच जागेला टेकते.

मात्र हा खाऊ फुकट मिळत नाही. बहाव्याचे परागकोश, म्हणजे पुंकेसरांच्या टोकांवरच्या परागकणांच्या पिशव्या, पूर्ण उकलत नाहीत. परागकण बारीक छिद्रांतून किंवा अपुऱ्या फटींतूनच बाहेर येतात. मिठाच्या डबीसारखी ही रचना आहे, ती हलवावी लागते. भुंग्याचे उड्डाणस्नायू थेट पंखांना जोडलेले नसतात. ते छातीचे कवच आळीपाळीने दाबतात आणि त्या हालचालीने पंख हलतात. भुंगा फुलावर बसून पंख मिटतो आणि तेच स्नायू चालू ठेवतो. पंखांचा भार नसल्यामुळे कंपनाची वारंवारता वाढते, म्हणूनच फुलावरचा गुंजारव उडतानाच्या गुंजारवापेक्षा वरच्या पट्टीत ऐकू येतो. समजा, परागकोश सेकंदाला ३०० वेळा, दोन्ही बाजूंना ०.१ मिलिमीटर हलला. कोनीय वारंवारतेचा वर्ग गुणिले आयाम, या सूत्राने त्याचे महत्तम त्वरण सेकंदवर्गाला सुमारे ३५५ मीटर येते, म्हणजे गुरुत्वीय त्वरणाच्या ३६ पट. आतले कण भिंतींवर आणि एकमेकांवर कॅरमच्या सोंगट्यांसारखे आपटतात, प्रत्येक धडकेत ऊर्जा मिळवतात आणि वाट सापडेल तिथून उडतात. ब्युकमन आणि हर्ली या संशोधकांनी १९७८ साली त्याचे गणितच मांडले. वांग्याच्या आणि टोमॅटोच्या फुलांतही हाच प्रकार चालतो. आपल्या परिचित मधमाश्यांना मात्र ही युक्ती साधत नाही.

परागण साधले की त्या हिरव्या बाकाची दीड-दोन फूट लांबीची काळी नळी होते. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियसने १७५३ साली दिलेल्या ‘कॅसिया फिस्टुला’ या नावातल्या ‘फिस्टुला’चा अर्थ नळी असाच आहे. नळीत आडवे पडदे असतात, प्रत्येक कप्प्यात एक बी आणि भोवती काळा, गोडसर, चिकट गर असतो. चरक आणि सुश्रुत यांच्या संहितांत ‘आरग्वध’ म्हणून सौम्य रेचकासाठी सांगितलेला तो हाच. त्याचा गुण आहे अँथ्राक्विनोन वर्गातल्या संयुगांत. त्याच वर्गातली संयुगे सोनामुखीतही असतात. ती मोठ्या आतड्याची हालचाल वाढवतात आणि तिथे पाणी शोषले जाणे कमी करतात. म्हणून मुलांनी गंमत म्हणून शेंगा चघळल्या, तर रात्र जागून काढावी लागते. बहाव्याने मधुमेहापासून कर्करोगापर्यंत सारे बरे होते, असे सांगणाऱ्या चित्रफितींना या रसायनशास्त्रात आधार नाही.

शोभेसाठी हे झाड केरळात विषूच्या, म्हणजे तिथल्या नववर्षाच्या सणाच्या, कणीत (पहाटे प्रथम पाहायच्या शुभ वस्तूंच्या मांडणीत) मानाचे आहे आणि थायलंडमध्ये राष्ट्रीय फूल आहे. पुण्यात पुष्कळ जण सोनमोहरालाच बहावा समजतात; सोनमोहराचे तुरे उभे असतात, बहाव्याचे घोस झुंबरासारखे खाली लोंबतात. रस्त्याकडेला लावताना एक गैरसोय ध्यानात घ्यावी : ऐन उन्हाळ्यात त्याची बरीच पाने गळलेली असतात, त्यामुळे दुचाकी लावायला सावली मिळत नाही. बियांचे कवच फार कठीण असते. ते एका बाजूने कानशीने घासून रात्रभर पाण्यात भिजवल्याशिवाय बी सहसा लवकर रुजत नाही.