सोलचा तो ओढा : दोन फोटोंच्या मागचा इतिहास

शहरातल्या नदीचा विषय निघाला की कोणीतरी दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चॉंगेचॉनचे दोन फोटो टाकतंच, एकात काळपट उड्डाणपूल आणि दुसऱ्यात त्याच जागी पाण्यात पाय सोडून बसलेले लोक. फोटो खरेच आहेत, पण त्यांच्या मागे सहाशे वर्षं आहेत, ती कोणी सांगत बसत नाही.

मुळात ही नदी वगैरे नाही, ओढा आहे. १३९४ मध्ये कोरियाच्या जोसॉन घराण्याच्या राजाने राजधानी इथे आणली, भोवती डोंगर, त्यामुळे पावसाळ्यात सगळं पाणी धाडकन या ओढ्यात उतरायचं आणि एरवी जवळपास कोरडं, म्हणजे गावाची घाण तिथेच पडून. राजा थेजोंगने पात्र खणून घेतलं. नावही तसंच पडलं, गेचॉन, म्हणजे साधारण 'खणून मोकळा केलेला ओढा'. निर्मळ पाण्याचा अर्थ असलेलं चॉंगेचॉन हे आजचं नाव थेट विसाव्या शतकातलं, जपानी राजवटीत आलेलं, आणि तेव्हा तर ते चक्क गटार होतं!

या थेजोंगचं आणि त्याच्या सावत्र आईचं हाडवैर. ती गेल्यावर त्याने तिची कबर शहराबाहेर हलवली आणि १४१० मध्ये ओढ्यावर दगडी पूल बांधताना तिच्या कबरीचे कोरीव दगड वापरले, त्यातले काही तर उलटे बसवले. पाचशे वर्षांनी हा पूल रस्त्याखाली गाडला गेला, तो आता परत बाहेर काढून प्रवाहाच्या थोडा वरच्या बाजूला बसवलाय, खाली उतरून बघितलं तर उलटी नक्षी अजून दिसते.

गाळ मात्र कोणाचं ऐकत नाही. १७६० मध्ये राजा योंगजोने सुमारे २ लाख माणसं लावून ५७ दिवस उपसा केला. पुढे कोरियन युद्धानंतर निर्वासितांनी काठावर लाकडी खांबांवर झोपड्या टाकल्या, सगळं सांडपाणी खाली, आणि सरकारला सोपा उपाय सुचला की झाकूनच टाका. १९५८ पासून स्लॅब पडत गेला, वर रस्ता, रस्त्यावर उड्डाणपूल, तो १९७६ पर्यंत पूर्ण. तेव्हा ही प्रगतीच होती, लोक अभिमानाने दाखवायचे. झोपड्यांतल्या बऱ्याच लोकांना शहराबाहेर ग्वांगजूच्या माळावर नेऊन सोडलं, ना काम ना धड पाणी, १९७१ मध्ये तिथे दंगल उसळली.

काठावरच्या प्योंग्वा मार्केटमध्ये पोरी दिवसाला १४-१५ तास शिवणकाम करायच्या, माळे इतके बुटके की सरळ उभं राहता यायचं नाही. तिथलाच कामगार जॉन थे-इल, वय २२, याने कामगार कायदा पाळा म्हणत १३ नोव्हेंबर १९७० ला स्वतःला पेटवून घेतलं. त्याचा पुतळा आज याच ओढ्यावरच्या एका पुलावर आहे.

९० च्या दशकात पुलाची हाडं खिळखिळी झाली, जड गाड्या बंद केल्या, आणि दुरुस्तीचा खर्चच प्रचंड येणार होता. म्हणजे 'पूल पाडा' हे काही नुसतं निसर्गप्रेम नव्हतं. २००२ ला ली म्युंग-बाक हाच मुद्दा घेऊन महापौर झाले, जुलै २००३ ला काम सुरू, २००५ च्या ऑक्टोबरला सुमारे ५.८ किमी ओढा लोकांसाठी खुला. सव्वादोन वर्षांत! हवा थंड झाली, मासे आले, हे सगळं मान्य. पण पाणी पंपाचं आहे, हान नदीतून आणि मेट्रोच्या बोगद्यांतल्या भूजलातून रोज सुमारे १.२ लाख टन चढवलं जातं. काही पर्यावरणवाले त्याला सरळ कारंजं म्हणतात आणि मला ते फारसं चूक वाटत नाही.

या कामासाठी उठवलेल्या पथारीवाल्यांचं काय झालं तर त्यांना जवळच्या डोंगदेमुन स्टेडियममध्ये बसवलं, मग काही वर्षांत स्टेडियमच पाडलं आणि तिथे २०१४ मध्ये वास्तुविशारद झाहा हदीदचं चकचकीत डिझाईन प्लाझा उघडलं. दुकानदारांसाठी दूर दक्षिणेला मोठ्ठी मॉलसारखी इमारत बांधली, तिथले गाळे बरीच वर्षं नीट भरलेच नाहीत.

खालच्या टप्प्यात उड्डाणपुलाचे ३ खांब मुद्दाम न पाडता पाण्यात तसेच ठेवलेत. आणि तिकडेच, ओढ्याच्या म्युझियमसमोर, लोकांना बघायला म्हणून त्या जुन्या लाकडी झोपड्यांच्या प्रतिकृती उभारल्या.