मला फ्लू होऊन गेलाय, मग लस कशाला?

एप्रिल उजाडला की आमच्या लसीकरणाच्या काउंटरवर हा प्रश्न रोज येतो. पुण्यात तर ‘मला २००९ला स्वाइन फ्लू झाला होता’ असं सांगणारे अजून भेटतात. प्रश्न रास्त आहे, म्हणून हे पत्रक.

आधीच्या फ्लूची आठवण शरीर दोन तऱ्हांनी ठेवतं. अँटिबॉडी विषाणूच्या बाहेरचं प्रथिन ओळखतात, आणि नेमकं तेच सतत बदलत राहतं. टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मात्र संसर्ग झालेल्या पेशी हेरतात, त्याही बऱ्याचदा विषाणूच्या आतल्या प्रथिनांच्या तुकड्यांवरून. ही प्रथिनं फारशी बदलत नाहीत. म्हणून जुन्या फ्लूत तयार झालेल्या टी पेशी नव्या प्रकारालाही ओळखू शकतात. २००९च्या साथीत लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातल्या कर्मचारी-विद्यार्थ्यांवर अभ्यास झाला. त्या नव्या विषाणूच्या अँटिबॉडी त्यांच्याकडे नव्हत्या, तरी ज्यांच्या रक्तात अशा टी पेशी आधीच जास्त होत्या त्यांचा आजार सौम्य राहिला.

सौम्य राहिला, टळला नाही. टी पेशी कामाला लागतात ते विषाणू आत शिरल्यावर. त्याला दारातच अडवणं हे अँटिबॉडीचं काम, आणि इंजेक्शनची लस मुख्यतः त्याच वाढवते, तेही त्या हंगामाच्या विषाणूसाठी.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो ‘आधी अँटिबॉडी तपासतो, मग ठरवतो’ यात. लोक जाडजूड ‘इम्युनिटी प्रोफाइल’ घेऊन येतात. त्यात फ्लूच्या टी पेशींचा पत्ताच नसतो! त्या मोजायच्या तर रक्तातल्या जिवंत पेशींना विषाणूचे तुकडे देऊन त्या कशा प्रतिसाद देतात ते बघावं लागतं. हे संशोधन प्रयोगशाळेचं काम, कोपऱ्यावरच्या लॅबचं नव्हे. रिपोर्टच्या नादात जून उजाडतो. लसीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, आणि आपल्याकडे पावसाळ्यात फ्लू हमखास वाढतो.

म्हणून लसीआधी अँटिबॉडीची टेस्ट आम्ही कुणालाच सुचवत नाही. मागच्या डोसची तारीख आणि लसीची ॲलर्जी मात्र विचारतोच, आणि टोचल्यावर पंधरा मिनिटं बसवून ठेवतो. काहींना त्याचा राग येतो, येऊ दे.

येताना लसीचं जुनं कार्ड आणा. अंगात ताप असेल तर तो उतरल्यावर या. घरात वयस्कर, गरोदर, मधुमेही किंवा दम्याचं कुणी असेल तर त्यांना आधी आणा. सोसायटीतले दहा-बारा जण मिळून ठरवलंत तर आम्हीच शीतपेटी घेऊन येतो, येण्याचे वेगळे पैसे नाहीत.