मेडिगॅप नावनोंदणीची मुदत

अमेरिकेत मेडिकेअरवर (मुख्यतः पासष्टीनंतर मिळणारा सरकारी आरोग्यविमा) असलेल्या माणसाला पूरक खासगी विमा (मेडिगॅप) तब्येतीची चौकशी न होता घेता येतो, तो सहा महिन्यांचा काळ. बहुतेकांच्या आयुष्यात तो एकदाच येतो. मेडिकेअरमध्ये डॉक्टर, तपासण्या वगैरेंसाठीचा जो पार्ट बी आहे, तो वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे आधी स्वतः भरायची रक्कम (२०२५ मध्ये २५७ डॉलर), भरून झालं की मंजूर खर्चाच्या साधारण ८० टक्के देतो. उरलेले २० टक्के पेशंटच्या माथी, आणि त्याला वरची मर्यादाच नाही, म्हणजे चाळीस हजारांच्या मंजूर बिलात आठ हजार डॉलर घरचे. मेडिगॅप भरतो ती ही फट.

मेडिकेअरचा कायदा ३० जुलै १९६५ चा, अंमल १ जुलै १९६६ पासून. पूरक पॉलिसी विकणाऱ्या कंपन्या त्याच सुमारास पुढे आल्या असाव्यात, पण ‘मेडिगॅप’ हा शब्द रूढ झाला तो बहुधा सत्तरच्या दशकात. तेव्हा एकेका म्हाताऱ्याच्या गळ्यात चार-चार सारख्याच पॉलिसी मारल्या जायच्या, त्यावर बराच गदारोळ झाला आणि १९८० मध्ये सिनेटर मॅक्स बॉकस यांच्या नावाने ओळखली जाणारी दुरुस्ती आली. काही जण नावनोंदणीच्या हक्काची सुरुवातही तिथूनच धरतात, ते पटत नाही. त्या दुरुस्तीत पॉलिसीच्या दर्जाचे ऐच्छिक निकष होते, वेळेत अर्ज करणाऱ्याला विमा द्यायलाच हवा असं बंधन नव्हतं. ते बंधन आणलं १९९० च्या अर्थसंकल्पीय कायद्याने, त्यामुळे खरा उगम तोच मानावा. आता साल १९९० लिहायचं, १९९१ की १९९२, यात संदर्भग्रंथांचा मेळ बसत नाही, कारण कायदा झाला नोव्हेंबर १९९० मध्ये, राज्यांनी आपापले नियम बदलण्यात पुढचा काळ गेला आणि अक्षरांनी ओळखले जाणारे, ठरावीक फायद्यांचे मेडिगॅप प्लॅन (तेव्हा ए ते जे असे दहा) बाजारात आले १९९२ मध्ये. पुढे ही अक्षरं बदलत गेली. २०१० मध्ये एम आणि एन आले, १ जानेवारी २०२० पासून नव्याने पात्र होणाऱ्यांना सी आणि एफ बंद झाले, म्हणून हल्ली ज्याच्या त्याच्या तोंडी प्लॅन जी. मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा आणि विस्कॉन्सिन यांची रचना मात्र पहिल्यापासून वेगळी.

सहाच महिने का? मुदत कायम उघडी ठेवली तर लोक आजारी पडल्यावरच विमा घेतील आणि सगळ्यांचेच प्रीमियम चढतील, हे नेहमीचं उत्तर. ग्राहकांची बाजू आणि कंपन्या यांच्यातली ती तडजोड होती असंही म्हणतात, पण पहिलं कारण जास्त वजनदार वाटतं.

मोजणीत लोक हमखास फसतात. मुदत वाढदिवसापासून सुरू होत नाही, तर वय ६५ किंवा जास्त आणि पार्ट बी चालू, या दोन्ही गोष्टी ज्या महिन्यात पहिल्यांदा जुळतात त्या महिन्याच्या १ तारखेपासून होते. जन्म १४ सप्टेंबरचा आणि पार्ट बी १ सप्टेंबरपासून, तर फेब्रुवारी संपला की मुदत संपली. जन्म १ सप्टेंबरचा असेल तर मेडिकेअर ऑगस्टपासूनच सुरू होऊ शकतं, मग जानेवारीअखेर खेळ खलास. पासष्टीनंतरही नोकरी करणाऱ्याने वीस किंवा जास्त माणसांच्या कंपनीचा विमा असताना, ‘असू दे’ म्हणून पार्ट बी घेऊन टाकला, तर ते सहा महिने कामावरच वाया जातात. दरवर्षीची १५ ऑक्टोबर ते ७ डिसेंबर ही मुदत मेडिकेअरचे फायदे खासगी कंपनीमार्फत देणाऱ्या अ‍ॅडव्हांटेज आणि औषधांच्या प्लॅनची, तिचा मेडिगॅपशी काही संबंध नाही (हा घोळ सुशिक्षितांतही भरपूर).

मुदतीत कंपनी नाही म्हणू शकत नाही, डायबेटिस आहे म्हणून प्रीमियम वाढवू शकत नाही, मात्र जुन्या आजारासाठी जास्तीत जास्त सहा महिने थांबायला लावू शकते आणि आधी सलग विमा असेल तर तेही कमी होतं. मुदतीनंतर बहुतेक राज्यांत अंडररायटिंग, म्हणजे प्रश्नावली, औषधांची यादी आणि नकारही. न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये वर्षभर दार उघडं असतं, कॅलिफोर्निया आणि ओरेगनमध्ये आधीच मेडिगॅप असलेल्याला वाढदिवसाच्या सुमारास पॉलिसी बदलता येते. नोकरीचा विमा किंवा अ‍ॅडव्हांटेज प्लॅन बंद पडला तर ६३ दिवसांचा वेगळा हक्क मिळतो. पासष्टच्या आत अपंगत्वामुळे मेडिकेअर मिळालेल्यांना केंद्राच्या कायद्याने असा हक्क नाही, काही राज्यं देतात.

मुलांकडे ग्रीन कार्डवर गेलेल्या आईवडिलांना, तिथल्या नोकरीचा हिशेब नसला तरी, पासष्टी उलटलेली आणि सलग पाच वर्षं कायम वास्तव्य असेल तर पार्ट बी विकत घेता येतो, हॉस्पिटलसाठीचा पार्ट ए सुद्धा, त्याचा प्रीमियम २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलरपर्यंत. मेडिगॅपला दोन्ही लागतात. नवराबायकोची पॉलिसी एक नसते, आई-बाबांचे दोन स्वतंत्र अर्ज, दोन वेगळ्या मुदती. सी, डी, एफ, जी, एम आणि एन या प्लॅनमध्ये परदेशातली इमर्जन्सी धरलेली आहे, २५० डॉलर स्वतःचे गेल्यावर ८० टक्के, आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंत, पण प्रवासाच्या पहिल्या ६० दिवसांतलीच. डिसेंबरात पुण्याला येऊन मार्चमध्ये पाय घसरला तर त्याचा उपयोग नाही.