हिमोप्रेसिन

कॅनाबिनॉइड रिसेप्टरवर (पेशीवरची जागा, जिथे भांगेतल्यासारखे पदार्थ चिकटून काम करतात) काम करणाऱ्या पेप्टाइडांपैकी, म्हणजे अमिनो ॲसिडांच्या छोट्या साखळ्यांपैकी, सगळ्यात जास्त चर्चा झालेलं पेप्टाइड. अमिनो ॲसिड फक्त ९, आणि येतं कुठून तर रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीतून.

कोकणात भांग म्हटलं की शिमगा नाहीतर महाशिवरात्र, पण इथे भांगेचा संबंध एवढाच की तिच्यातलं नशा आणणारं टीएचसी ज्या रिसेप्टरला चिकटतं तोच हा. याचे दोन प्रकार: मेंदूत भरपूर असलेला सीबी१ १९९० साली क्लोन झाला (म्हणजे त्याचं जनुक वेगळं काढलं गेलं), पांढऱ्या पेशींतला सीबी२ १९९३ मध्ये. या रिसेप्टरला चिकटणारं शरीर स्वतः बनवतं ते आनंदमाइड, १९९२ मध्ये सापडलेलं, नाव आपल्या 'आनंद'वरूनच, मात्र ते चरबीच्या जातीचं.

उगमाचा वाद: २००३ मध्ये ब्राझीलमधल्या गटाला हे रॅटच्या (मोठ्या जातीच्या उंदराच्या) मेंदूत मिळालं, तेव्हा लक्षात आलं ते रक्तदाब उतरवणं. २००७ मध्ये कळलं की हे सीबी१चं इन्व्हर्स ॲगोनिस्ट आहे, म्हणजे रिसेप्टर नुसता अडवत नाही, तो आपणहून थोडाफार चालू असतो तेही खाली आणतं. २००९ मध्ये त्याच साखळीचे ११ आणि १२ अमिनो ॲसिडचे तुकडे सापडले आणि ते उलटे, ॲगोनिस्ट म्हणजे रिसेप्टर चालू करणारे निघाले! आता १२च्या तुकड्यात तिसरं ॲस्पार्टिक ॲसिड आणि चौथं प्रोलिन, हा जोड गरम ॲसिडात पटकन तुटतो, आणि पेप्टाइडांचा अर्क काढायला गरम ॲसिड वापरायची पद्धत होतीच, मग जोड तुटल्यावर उरतं ते नेमकं हिमोप्रेसिन. म्हणून ९चा तुकडा शरीरातला नसून अर्क काढताना झालेला असावा असं बऱ्याच जणांचं मत आहे, आणि ते जास्त पटतं. १२चा तुकडा, म्हणजे पेपकॅन-१२, अस्सल मानायला हरकत नाही. पण २०१२ च्या कामात तो साधा ॲगोनिस्ट न ठरता सीबी१ला बाजूच्या जागेवरून मंदावणारा ठरला, आणि पुढे सीबी२वर मात्र जोर वाढवणारा.

औषध म्हणून: उंदरांत दुखणं आणि खाणं दोन्ही कमी झालेलं दिसलं. सीबी१ अडवणारं रिमोनाबंट युरोपात २००६ मध्ये लठ्ठपणासाठी आलं आणि नैराश्य, आत्महत्येचे विचार यांमुळे २००८ मध्ये थांबवावं लागलं, त्यामुळे पेप्टाइडाकडे आशेनं बघितलं गेलं. अडचण पोटाची. बांगड्याचं प्रोटीन जसं पचतं तसंच हेही पचायचं, तरी तोंडावाटे दिल्यावर उंदरांत गुण आल्याची नोंद आहे.

कोन जातीचे शंख कोकण किनाऱ्यावरही मिळतात, आणि कोन शंखांच्याच एका जातीच्या विषावरून बनलेलं झिकोनोटाइड (अमेरिकेत मंजुरी २००४) हे वेदनाशामक पेप्टाइडच, पण ते कॅल्शियम चॅनेलवर (पेशीत कॅल्शियम आत सोडणाऱ्या वाटेवर) काम करतं आणि थेट मणक्यात सोडावं लागतं; दोघांची गल्लत करू नये.

माणसाच्या आणि रॅटच्या हिमोप्रेसिनमध्ये सहावं अमिनो ॲसिड वेगळं, रॅटमध्ये फेनिलॲलनिन, आपल्यात ल्युसिन. प्रयोग वाचताना कुठलं वापरलंय ते आधी बघावं.