रिसोर्स सापडतो, रिझर्व्ह ठरवावा लागतो

‘१ कोटी टन तांब्याचा साठा सापडला’ अशी बातमी आली की बरेच जण लगेच टनांना तांब्याच्या भावाने गुणायला बसतात. पहिली गफलत इथेच होते, कारण ते टन बहुतेक वेळा दगडाचे असतात, तांब्याचे नाहीत. दुसरी गफलत ‘साठा’ या शब्दात आहे. खाणवाले ज्याला रिसोर्स म्हणतात आणि ज्याला रिझर्व्ह म्हणतात, त्या दोन्हींना आपण सरसकट साठाच म्हणतो.

रिसोर्स म्हणजे जमिनीखाली असलेले आणि पुढेमागे काढण्याजोगे वाटणारे खनिज. बोअरहोल किती जवळजवळ घेतले आहेत, त्यावर त्याचे तीन दर्जे ठरतात: इन्फर्ड (अंदाजे), इंडिकेटेड (बऱ्यापैकी भरवशाचे) आणि मेझर्ड (नीट मोजलेले). रिझर्व्ह हा शेवटच्या दोन दर्जांतला असा भाग, जो खणून, दळून, विकून पैसे सुटतील हे अभ्यासाने दाखवता येते. इन्फर्ड कितीही मोठे असले तरी ते थेट रिझर्व्हमध्ये जात नाही. आधी आणखी ड्रिलिंग करावे लागते.

एक कल्पित हिशेब करू. रिसोर्स १ कोटी टन, तांब्याचे प्रमाण १.२ टक्के, म्हणजे १,२०,००० टन तांबे. त्यातले ४० लाख टन इन्फर्ड, ते वगळले. छत तोलून धरायला सोडलेल्या खांबांत आणि न परवडणाऱ्या कोपऱ्यांत १० लाख गेले. उरलेले ५० लाख खणताना आजूबाजूचा ५ लाख टन निकामी दगडही सोबत येणारच. झाला ५५ लाख टनांचा रिझर्व्ह, प्रमाण साधारण १.०९ टक्के. त्यात तांबे ६०,००० टन. खनिज दळून तांबे वेगळे करणाऱ्या प्लांटने त्यातले ८५ टक्के पकडले तर हाती ५१,००० टन. बातमीतल्या आकड्याच्या निम्मेही नाही, आणि यात कोणी लबाडी केलेली नाही!

लबाडी झाली होती ती ब्रे-एक्स या कॅनेडियन कंपनीच्या प्रकरणात. इंडोनेशियातल्या बुसांग इथल्या खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोने मिसळले होते. १९९७ मध्ये ते उघड झाले आणि शेअर मातीमोल झाला. त्यानंतर २००१ मध्ये कॅनडात असे अंदाज जाहीर करण्याविषयीचे एनआय ४३-१०१ हे नियम लागू झाले. अंदाज पात्र तज्ज्ञाच्या जबाबदारीवरच द्यायचा आणि इन्फर्डचे टन इतर दर्जांत मिसळून बेरीज करायची नाही, ही बंधने त्यात आहेत. याच कामासाठीची ऑस्ट्रेलियाची जॉर्क संहिता त्याआधीची, १९८९ची.

मला यातली सर्वांत रंजक बाब वाटते ती जुन्या प्लांटची. बंद पडलेल्या खाणीशेजारी क्रशर, बॉल मिल (गोळ्यांनी खनिज दळणारे फिरते पिंप) आणि फ्लोटेशनच्या (फेसावर खनिज वेगळे करण्याच्या) टाक्या उभ्या असतील, तर त्यांची डागडुजी नव्या उभारणीपेक्षा सहसा स्वस्त पडते. भांडवल कमी लागले की काल न परवडणारे खनिज आज परवडू शकते. एकही नवा बोअर न घेता रिझर्व्ह निघू शकतो. रिसोर्स मात्र तेवढाच राहतो. भाव कोसळले की याच्या उलट होते.

पण डागडुजी म्हणजे गंज खरवडून रंग देणे नव्हे. मिलच्या मोठ्या गिअरला तडा आहे का, बेअरिंग शाबूत आहेत का, हे तपासावे लागते. नवे खनिज जुन्यापेक्षा कठीण असेल, तर तीच मिल तासाला कमी टन दळते आणि पाटीवरची क्षमता पाटीवरच राहते. त्याहून वाईट म्हणजे खनिजाची जातच वेगळी निघणे. सल्फाइड (गंधकाशी जोडलेले) तांबे फ्लोटेशनमध्ये फेसाला चिकटून वर येते. ऑक्साइड (ऑक्सिजनशी जोडलेले) तांबे तसे नीट येत नाही, त्याला बहुधा आम्लात विरघळवावे लागते. सल्फाइडसाठी बांधलेल्या प्लांटपुढे ऑक्साइडचा ढीग आला, तर रिसोर्सच्या तक्त्यात ते तांबे दिसते, पण या प्लांटच्या भरवशावर त्याला रिझर्व्ह म्हणता येत नाही.

आणि मिल, टाक्या, मोटारी सगळे ठाकठीक झाले, तरी दळून उरलेला गाळ साठवायचे धरण आधीच भरलेले असेल, तर नवे धरण किंवा उंची वाढवायची परवानगी मिळेपर्यंत ते टन रिसोर्सच्याच तक्त्यात थांबतात.