रमाबाईंच्या शंका आणि तारणाची खातरी

पंडिता रमाबाईंचं नाव निघालं की मराठी ख्रिस्ती माणसाला केडगावचं मुक्ती मिशन, दुष्काळातून वाचवलेल्या मुली आणि १९०५ चं आत्मिक संजीवन आठवतं. इतक्या ठाम बाईला विश्वासाबद्दल, आणि ख्रिस्तामुळे आपण पापातून तरलो (यालाच तारण म्हणतात) याबद्दल शंका छळत असतील असं सहसा कुणाच्या मनात येत नाही. पण बाप्तिस्म्यानंतरची पहिली आठ वर्षं त्यांनी बऱ्याच अंशी शंकांच्या सोबतीत काढली.

शंका घेण्याची सवय त्याआधीची. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई-वडील गेले. उपास झाले, व्रतं झाली, होतं नव्हतं ते दान करून झालं, तरी देव पावला नाही. पुढे कलकत्त्यात ब्राह्मो समाजाच्या एकेश्वरवादी विचारांशी ओळख झाली. त्या विचारातून त्यांना ख्रिस्ताकडे वळवण्यात मोठा वाटा होता नीलकंठशास्त्री, म्हणजे फादर नेहेम्या गोरे यांचा. पुढे रमाबाई इंग्लंडात असताना हिंदुस्थानातून आलेल्या त्यांच्या पत्रांचा रमाबाईंवर खोल परिणाम झाला.

हे गोरे म्हणजे काशीत वाढलेले चित्पावन पंडित. मिशनऱ्यांचं खंडन करायला निघाले आणि १८४८ मध्ये स्वतःच बाप्तिस्मा घेऊन बसले. त्यानंतरही मनाला स्वस्थता मिळाली नाही. बायबल आणि वैयक्तिक परिवर्तनावर भर देणाऱ्या सरळसाध्या इव्हँजेलिकल पंथातून ते अँग्लिकन (इंग्लंडच्या) चर्चच्या परंपरानिष्ठ गटाकडे गेले, कारण माणसाचं मन डळमळलं तरी चर्चचा अधिकार डळमळत नाही, असा त्यांना आधार वाटला. काउली फादर्स या अँग्लिकन संन्यासी संघात उमेदवार म्हणून शिरले, पण अखेरची व्रतं घेतली नाहीत. १८९५ मध्ये वारले तोवर शंकांनी त्यांची पाठ सोडली नाही. ज्यांचं स्वतःचं समाधान कधी पुरतं झालं नाही, त्यांच्याच युक्तिवादाने रमाबाईंसारख्या विदुषीचं मन वळावं, हे मला या साऱ्या हकिकतीत सर्वांत विलक्षण वाटतं.

१८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला वाँटेज गावच्या अँग्लिकन सिस्टरांकडे (जोगिणींकडे) गेल्या. तिथे त्यांची सोबतीण आनंदीबाई भगत हिने आत्महत्या केली. त्या धक्क्यानंतर काही दिवसांतच, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मुलगी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. ख्रिस्ताने त्यांना ओढलं होतं ते योहानाच्या शुभवर्तमानातल्या शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीतून आणि 'पतित' ठरवलेल्या बायकांसाठी सिस्टर करत असलेल्या कामातून. त्रैक्याचा (एकाच देवात पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा) सिद्धांत, ख्रिस्ताचा कुमारीपासून जन्म, तो सिद्धांत मांडणारा अथनेशियसचा मतांगीकार हे सगळं मात्र घशाखाली उतरेना.

मग सुरू झाला पत्रव्यवहार. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन यांना वाटे, नवख्या बाईने आधी चर्चचं ऐकावं, समजेल सावकाश. रमाबाई ऐकणाऱ्यांतल्या नव्हत्या. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, असा त्यांचा सवाल होता. ब्राह्मणांना संस्कृत देववाणी वाटते तशी तुम्हाला लॅटिन वाटते काय? अंडं घातलेलं पुडिंगही त्यांनी नाकारलं, आणि त्यावरूनही कागद काळे झाले. मे १८८५ च्या पत्रात त्यांनी स्वच्छ कळवलं की भारतातल्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता दुसऱ्या पुरोहितांचं जू घेणार नाही. सिस्टरांच्या लेखी हा अहंकार होता. मला तरी तो प्रामाणिकपणा वाटतो. न पटलेलं पटलं म्हणणं त्यांना सहज जमलं असतं आणि सोयीचंही झालं असतं.

चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजच्या मुख्य डोरोथिया बील यांनी वेगळी वाट धरली. तत्त्वज्ञान शिकलेल्या बाईला हे प्रश्न पडणारच, तिच्यावर दबाव आणू नका, असं त्यांचं म्हणणं. त्या रमाबाईंना मुद्द्याला मुद्दा देत लिहीत राहिल्या.

हा वाद काही वाँटेजमध्ये जन्मलेला नव्हता. तारणाची खातरी विश्वासूला मिळू शकते का, यावर सोळाव्या शतकापासून चर्च भांडत आलं होतं. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ मध्ये, खास प्रकटीकरण नसताना आपलं तारण नक्कीच झालंय असं धरून बसणं फोल ठरवलं. प्रोटेस्टंटांच्या हायडेलबर्गच्या १५६३ च्या प्रश्नोत्तरीने उलट पहिलाच प्रश्न ठेवला तो जगताना आणि मरताना तुझं एकमेव समाधान काय, असा. वेस्टमिन्स्टरच्या १६४६ च्या प्रोटेस्टंट अंगीकाराने मधली जागा धरली: खऱ्या विश्वासूलाही खातरीसाठी दीर्घकाळ वाट पाहावी लागू शकते. आणि १७३८ मध्ये लंडनच्या आल्डर्सगेट स्ट्रीटवरच्या सभेत मेथडिस्ट चळवळीचे प्रणेते जॉन वेस्लींना हृदयात विलक्षण ऊब जाणवली, तेव्हापासून आतून मिळणारी साक्ष हा इव्हँजेलिकल मंडळींचा बालेकिल्ला झाला.

रमाबाई शेवटी याच बाजूने पोचल्या. १८९१ च्या सुमारास त्यांच्या हाती कॉर्नवॉलचे पाळक विल्यम हॅस्लम यांचं आत्मवृत्त आलं. हे हॅस्लमही आधी परंपरानिष्ठ गटातलेच. १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच्याच पुलपिटावरून उपदेश करता करता त्यांना साक्षात्कार झाला आणि मंडळीतून कुणी ओरडलं की पाळकाचंच परिवर्तन झालं! वर्षानुवर्षं उपदेश करणाऱ्याचं हे, तर आपलं काय, असा प्रश्न रमाबाईंना पडला. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असं पुढे १९०७ च्या साक्षीत त्यांनी लिहिलं.

वाँटेजला न पटलेले मुद्दे एकेक करून खोडले गेले म्हणून हे समाधान आलं, असं त्या साक्षीत दिसत नाही. त्यानंतरचा काळही सोपा नव्हता. १८९३ मध्ये रमाबाईंनी विधवा-मुलींसाठी काढलेल्या शारदा सदनातल्या ख्रिस्ती प्रभावावरून गदारोळ उठला, सल्लागार मंडळाने हात काढून घेतला, पालकांनी मुली नेल्या. रमाबाई हलल्या नाहीत.

ही पत्रं आज वाचायला मिळतात ती सिस्टर जेराल्डीन यांच्यामुळे. रमाबाईंच्या शंकांचा ज्यांना सर्वांत जास्त त्रास झाला त्यांनीच ती जपून संकलित केली, आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये इंग्रजीत छापली.